अर्धीच रीत परदेशी गेली

निर्यात करणाऱ्या शेठनं आम्हा बायकांना फसवलं, आणि आमच्याच तांदळानं लवळ्याच्या पोरांना फसवलं. युरोपातल्या एका बंदरानं खाण्यालायक नाही म्हणून परत पाठवलेला माल त्यानं इकडच्या खानावळींना विकला आणि आम्हाला सांगितलं, माल जाळून टाकला. यात तू कुणालाच फसवलं नाहीस, मेधा. गेलीस मात्र तू. शेठ काल पौडला चहा पिताना दिसला. बिस्किट बुडवून खात होता.

तुझे दिवस तुझ्या आईनं यवतमाळकडे घातले. मी इथे काही केलं नाही. मला रडण्यापेक्षा भांडणं बरं जमतं, म्हणून हे सांगायला बसले आहे. सून लिहून घेते आहे. ती मध्येच थांबून विचारते, "आई, हे जरा सौम्य करू का?" मी म्हटलं, सौम्य बोलणारी होती ती गेली.

तू पहिल्यांदा भेटलीस तेव्हा मी धरणाच्या रस्त्याला ताडपत्री बांधून तांदूळ विकायचे. सुट्टीच्या दिवशी हिंजवडीच्या गाड्या यायच्या. माणसं उतरायची, इंद्रायणीचा वास घ्यायची, पाण्याकडे पाठ करून फोटो काढायची आणि भाव ऐकून गाडीत बसायची. तू वास घेतला नाहीस. मूठभर तांदूळ तळहातावर चोळलास, तो पोत्यात परत सोडलास आणि रिकामा तळहात उन्हात धरून बघत राहिलीस.

"याला काही लावलंय का?"

"हळदकुंकू लावलंय. घ्यायचा तर घ्या."

"बोरिक पावडर म्हणतेय मी."

"ह्या पोत्याला हाय, त्या पोत्याला न्हाई. तुमाला कंचा पायजे? किड्याचा का बिनकिड्याचा?"

तू हसलीस, आणि बिनबोरिकचा मागून घेतलास. मग भावावरून आपण इतकं भांडलो की मागे उभा असलेला माणूस कंटाळून निघून गेला. मी म्हटलं, "बाई, तुमच्यापायी माजं गिऱ्हाईक गेलं." तू म्हणालीस, "त्याचाही तांदूळ मलाच द्या, पण भाव माझा." माझ्यासमोर असं बोलणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं होतं. नवरा वारल्यावर डोक्यावर पाटी घेऊन मी धंदा सुरू केला. तेव्हापासून लोक एक तर माझ्यावर दया करतात नाही तर मला घाबरतात. तू दोन्हीतलं काही केलं नाहीस. पुढच्या खेपेला "काकू" म्हणालीस, त्याच्या पुढच्या खेपेला "अक्का".

तुझं काम मला समजायला वेळ लागला. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत तुमची प्रयोगशाळा. तिथे तुम्ही खाण्याच्या मालात नको ते काय आहे ते शोधायचात. आणि नुसतं इथे नाही. समुद्रापलीकडे तशीच एक प्रयोगशाळा, एकच नमुना दोन्हीकडे जायचा, तपासायची रीत दोघींची एकच. त्यांच्या बंदरावर आपल्या मालात काही सापडलं तर त्यांनी इकडे कळवायचं, इकडे काही साथ किंवा विषबाधा दिसली तर आपण तिकडे.

"म्हंजी दोन सासवांनी मिळून एका सुनंवर नजर ठिवायची," मी म्हटलं होतं.

"नाही वो अक्का. दोन शेजारणींनी एकमेकींच्या लेकरांवर."

मी काही ते मानलं नाही. गोऱ्या लोकांना भाव पाडायचा असला की त्यांना आपल्या मालात काहीतरी सापडतं, हे माझं म्हणणं. तुझं म्हणणं, पोट सगळ्यांचं सारखंच आतून ओलं असतं. हा वाद आपण माझ्या ओट्यावर, तुझ्या गाडीत, फोनवर किती वेळा घातला. तू चिडायची नाहीस. "काऊन चिडता अक्का?" म्हणायचीस, आणि मी आणखी चिडायचे.

मग आमची गिरणी झाली. गावोगावच्या बायका एकत्र आल्या. भात आपलं, सडायचं आपल्या गिरणीत, पोत्याचं तोंड शिवायचं निळ्या दोऱ्यानं, म्हणजे बाजारात माल ओळखू येतो. शेठ स्वतः गाडी घेऊन आला. म्हणाला, तुमचा कमी पॉलिशचा तांदूळ परदेशात आपली माणसं डोक्यावर घेतील. भावात मी त्याला सहज सोडला नाही. त्यानं कपाळाचा घाम पुसला तेव्हाच मी हो म्हटलं. बायका गिरणीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पारूबाई म्हणाली, "अक्कानं शेठला पार सोलून काढला!" मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आज त्या आठवणीनं दात खाते.

नमुना शेठनं स्वतः घेतला. गिरणीच्या तोंडाशी, गरम तांदूळ पडत होता तिथनं. तो तुमच्याकडे आला. तुम्ही तपासला. स्वच्छ निघाला. त्यावर तुझी सही.

नमुना घेऊन झाल्यावर तो बायकांना म्हणाला, "माल लई दिस बोटीत राहणार. एक जरी किडा दिसला तर आख्खा कंटेनर माघारी येईल. काय करायचं ते तुमचं तुमी बघा."

आता सांग, मुळशीतल्या बाईला असं सांगितल्यावर ती काय करणार? लेकीला सासरी तांदूळ पाठवताना जे करते तेच. सावलीत चादरी अंथरल्या, बोरिकचे पुडे फोडले आणि दोन्ही हातांनी दाणा न् दाणा चोळला. कंजुषी कुणी केली नाही. पारूबाई तर म्हणाली, "परदेशात चाललाय, जरा चढ लावा. आपली आब्रू हाय." शेठ तेव्हा तिथे आला होता. त्यानं हात घातला, बोटांना पांढरं लागलं ते रुमालाला पुसलं आणि म्हणाला, "झकास." वर्षानुवर्षं परदेशी माल पाठवणारा माणूस. त्याला ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

तिकडच्या बंदरानं माल अडवला. हे आम्हाला शेठनं सांगितलं नाही. तुला कळलं, कारण तिकडनं तुमच्याकडे विचारणा आली की तुमच्या कागदावर स्वच्छ असलेल्या तांदळात एवढं बोरिक आलं कुठून. तू घरी आलीस. पिठलंभात वाढला तर भात बाजूला सारलास. मी विचारलं, "बरं न्हाई का?" तू म्हणालीस, "अक्का, शेठनं नमुना कधी घेतला होता? पावडर लावायच्या आधी की नंतर?"

"आधी."

तू डोळे मिटून घेतलेस. तुला तुझ्या सहीचं वाईट वाटत होतं आणि मला राग आला होता, की तुला कळून इतके दिवस झाले आणि तू आज येतेस. तू म्हणालीस, वरून परवानगी आल्याशिवाय मालकाचं नाव सांगता येत नाही, आज आली आणि आजच आले. मी म्हटलं, "परवानगी! माझ्या घरात जेवतीस आन् परवानगी काडतीस व्हय?" ते मी तुला बोलले. ते अजून माझ्यापाशीच आहे, मागे घ्यायचं राहून गेलं.

मग मी तुझ्यावर ओरडले, की आमच्या आज्या-पणज्यांनी बोरिक लावून तांदूळ खाल्ला, कोण मेलं? तू शांतपणे विचारलंस, "लावून खाल्ला की धुवून खाल्ला?"

"धुवूनच की. तीन-चार पाणी काडतो आमी. पांडरं पाणी जाईस्तवर."

"मग त्या पोत्यावर तसं कुठे लिहिलंत? तिकडे कित्येक लोक पाकीट फोडतात आणि सरळ पातेल्यात टाकतात. धुतल्यानंही सगळं जातंच असं नाही, पण तुमच्याकडे निदान धुतात. अक्का, तुम्ही अर्धीच रीत बोटीत चढवली. लावायची पाठवली, धुवायची इथंच राहिली."

मी उठून चुलीवरचं दूध उतरवायला गेले. दूध तापलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तू फोन घेऊन गिरणीत आलीस. पलीकडच्या प्रयोगशाळेतली तुझी मैत्रीण, योहाना, पडद्यावर दिसत होती. चष्मा, पिकलेले बारीक केस, मागे खिडकीत पाऊस. तुम्ही दोघी वर्षानुवर्षं एकाच नमुन्याचे दोन तुकडे तपासत होतात आणि एकमेकींना प्रत्यक्ष एकदाच भेटला होतात. बायका गोळा झाल्या. मी तुला म्हटलं, "इचार तिला, तिच्या घरात तांदळाला टोके झाले तर ती काय करती?"

तू विचारलंस. तिनं सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेवते.

बायका खो खो हसल्या. पारूबाई म्हणाली, "तिला म्हनावं फ्रीज धाड आमास्नी. कनगी मावंल एवडा!" तू ते जसंच्या तसं सांगितलंस. योहाना हसली आणि म्हणाली, ते मला नाही जमणार, पण हवाबंद पिशवीत तांदूळ कसा टिकवतात ते शिकवायला माणूस पाठवायचं बघते. मग तिनं बायकांना विचारलं, तुम्ही एवढ्या मेहनतीनं दाणा न् दाणा चोळलात? पारूबाईनं दोन्ही हात पडद्यापुढे धरले. पलीकडच्या बाईनं चष्मा नीट केला आणि पडद्याजवळ येऊन ते हात पाहिले. मला ती आवडली. हे मी तुला सांगितलं नाही, कारण मग वादात तू जिंकली असतीस.

फोन ठेवता ठेवता तिनं आणखी एक विचारलं. माल परत पाठवताना आम्ही तुमच्या बाजूच्या सरकारी कचेरीला कळवलं होतं, त्याचं पुढे काय झालं हे आम्हाला कुणी कळवलं नाही. तो कुठे आहे? तू मराठीत सांगायच्या आधी तुझा चेहराच मी वाचला. तुलाही माहीत नव्हतं.

शेठला फोन लावला. "जाळला अक्का, सगळा जाळला. माझं किती नुकसान झालं माहिती हाय का? तुमच्या बायांनी विष कालवलं."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता. माल जळल्याचं मला दुःखच झालं होतं. पण लवळ्याला कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवणारा दत्ता माझ्याकडे नेहमी तांदूळ न्यायचा, तो त्या महिन्यात आला नाही. रस्त्यात भेटला तेव्हा मी हटकलं.

"काय रं, आमचा भात कडू झाला का?"

"न्हाई अक्का, तुमचाच शिजतुया की. फकस्त तुमच्याकडनं घेत न्हाई. निम्म्या भावात मिळतुया."

"कोण देतंय?"

"कुनीबी देईना का. तुमचाच दोरा हाय."

मी त्याच्या रिक्षात बसूनच खानावळीत गेले. कोपऱ्यात पोती होती. तोंडाला निळा दोरा, वर परदेशी अक्षरांचं लेबल खरवडून काढलेलं. एका मोठ्या पातेल्यात तांदूळ भिजत होता. मी स्वयंपाक्याला विचारलं, किती पाणी काढतोस? तो हिंदीत म्हणाला, एक बार, मावशी, चारसौ बच्चों का खाना है, नल में पानी किधर है. बाहेर पोरी ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. एक माझ्या नातीएवढी. मला हसली.

तिथूनच मी तुला फोन केला. मी ओरडत होते, आत्ता पेपरवाल्यांना बोलावते, पोती रस्त्यावर ओतते, शेठला त्याच्या दारात उभा करते. तू म्हणालीस, "अक्का, पोती वेगळी काढायला लावा, आज त्यातलं शिजवू देऊ नका. बाकी थांबा."

"कशापायी थांबू?"

"नमुना घेऊ. अर्धा इथे, अर्धा योहानाकडे. दोन्हीकडे एकच आलं की कुणाला नाही म्हणता येणार नाही. आत्ता बोंब मारली तर ते म्हणतील, बाईचा माल परत आला म्हणून ओरडते."

दोन-तीन पोरींना उलट्या झाल्याचं दत्ता बोलून गेला होता. मी म्हटलं, बघ. तू म्हणालीस, ते तांदळानंच झालं असं मी म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. मी फोन आपटला. पण थांबले. आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून थांबले नव्हते, तुझ्या सांगण्यावरून थांबले.

दत्तानं पोती बाजूला काढली. पण ती पोती एकट्या दत्ताकडे थोडीच होती? तू दोन्हीकडे नमुने पाठवलेस आणि अर्ज घेऊन फिरलीस. एका कचेरीत म्हणाले, परत आलेला माल बंदराच्या अखत्यारीत. बंदरावरचे म्हणाले, आमच्या दारातून बाहेर पडला की पुण्याचा. तू मला सांगायचीस आणि मी म्हणायचे, "बघ तुजी शेजारीण. तिकडची शेजारीण कळवतीया, आन् हितं आपल्याच घरात कुनी दार उगडीना." तू म्हणायचीस, म्हणूनच दोन्हीकडचा निकाल पाहिजे. आपण थांबलो तेवढे दिवस दुसऱ्या खानावळींत ती पोती शिजत राहिली असतील. हे तुलाही कळत होतं. तुला रात्री झोप लागत नाही असं तू एकदा म्हणालीस, आणि मी म्हटलं, मग ओरडू दे मला. तू म्हणालीस, "चार दिवस, अक्का."

मी अजून ठरवू शकले नाही की त्या वेळी कोण बरोबर होतं. मी ओरडले असते तर कदाचित पोती सगळीकडे थांबली असती. कदाचित शेठनं ती रातोरात दुसऱ्या तालुक्यात हलवली असती, आणि आज हातात काहीच उरलं नसतं. यावर आपलं भांडण व्हायचं होतं. मी मुद्दे काढून ठेवले होते.

मग तुला ताप आला. डेंग्यू. तू राहायचीस त्या टॉवरशेजारी बांधकामाच्या खड्ड्यात पाणी साचायचं, त्याची तक्रार तू स्वतःच केली होतीस. दोन देशांच्या पोटांवर लक्ष ठेवणारी पोर, आणि शेजारच्या खड्ड्याचं कुणी ऐकलं नाही. दवाखान्यात मी आले तेव्हा तू काचेपलीकडे होतीस. आत सोडेनात. मी वॉचमनशी भांडले, डॉक्टरशी भांडले, उपयोग झाला नाही. भांडून जे मिळत नाही असं माझ्या माहितीत फार थोडं होतं.

बाहेर बाकावर तुझी आई बसली होती. तिनं विचारलं, "तुमी हिच्या कोण?"

मी म्हटलं, "तांदूळवाली."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुमीच का त्या, फोनवर भांडनाऱ्या? मेधा मने, आई, इथं मले भांडाले एक मानूस भेटलं, आता करमते."

मेधा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तू सहन करतेस. मी तुझ्या आईशेजारी बसले. तिनं डब्यातली पोळी मोडून अर्धी माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघींनीही ती खाल्ली नाही.

निकाल तू गेल्यावर आला. इथला आणि तिथला, दोन्ही एक. तोच तांदूळ, तेच बोरिक. योहानानं सुनेच्या फोनवर फोन केला. तिला इंग्रजीत बोलता येईना इतकी ती रडत होती, आणि सुनेला मराठीत सांगता येईना. शेवटी मीच पडद्याकडे बघून म्हटलं, "रडू नगं बाय, रडू नगं." तिला शब्द कळले नसतील. तिनं मान हलवली. मग नाक पुसलं आणि पुन्हा तेच विचारलं जे तुला विचारलं होतं: बाकीचा माल कुठे आहे?

तू सांगायचीस ते शेजारणींचं, मी आता मान्य करते. तू हयात असतीस तर केलं नसतं.

इकडे शेठ सांगत फिरतो की मुळशीच्या बायका तांदळात विष घालतात. यंदाचा इंद्रायणी गिरणीत पडून आहे. पारूबाईचे हात अजून तेच आहेत, पण ती आता चार माणसांत ते पदराखाली घेते. बोरिक आम्ही बंद केलं. हवाबंद पिशव्या योहानानं पाठवल्या आहेत, वापरायच्या कशा ते सून शिकवते. शेठकडे अडकलेले पैसे मी वसूल करीन, त्यासाठी मला कुणाची मदत नको. ते माझं रोजचं काम आहे.

मी विचारते आहे ते वेगळं. पलीकडनं इकडे कळवलं होतं. म्हणजे इथे कुणीतरी ते वाचलं. कुणीतरी कंटेनर आत घेतला. माल नष्ट केला असं कुणीतरी मान्य केलं, आणि जळताना बघायला कुणी गेलं नाही. तो माणूस कोण? शेठ तर आहेच, पण दार उघडणारा कोण? त्या दोघांनी लवळ्याला यावं. जेवणाच्या वेळी यावं, पोरंपोरी ताटं घेऊन रांगेत उभी असताना. आणि त्यांच्यासमोर सांगावं, की जे तिकडच्या लेकरांना चालत नाही म्हणून परत आलं, ते ह्या लेकरांना चालेल हे तुम्ही कोणत्या हिशेबानं ठरवलंत. मी तिथे असेन. बसायला खुर्ची देईन, पाणी देईन. उत्तर दिल्याशिवाय उठू देणार नाही.